बाहेरून आलेल्यांचा मान

आमच्या वस्तीत गव्हाची खीर एकाच कारणानं शिजायची. बाहेरचं कोणी माणूस आमच्यात राहायला आलं, की त्या दिवशी. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही, वस्तीतल्या कोणाचं लग्न लागलं तरी नाही. म्हणून आम्ही लहान पोरी तुरीच्या शेंगा सोलता सोलता गाडवाटेकडे डोळे लावून बसायचो. दुसरबीडच्या बाजूनं कोणी अनोळखी, पायी, काखेत गाठोडं घेतलेलं येताना दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ते माणूस बहुधा रडत यायचं, नाही तर रडून रडून कोरडं झालेलं असायचं. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

आजूबाजूचे लोक आम्हाला नेमवाले म्हणत. दुसरबीड आणि मेहकरच्या मधल्या माळाला आमची वस्ती होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कारभार नागपूरहून चाले. दक्षिणेला थोडं चालून गेलं की निजामाचा मुलूख लागे, त्याला सगळे मोगलाई म्हणत. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं हद्द ओलांडून मोगलाईतूनच यायची.

वस्ती बसवली ती मोठेबाबांनी. मी जन्मायच्या आधी मोठा दुष्काळ पडला होता. त्यात मोठेबाबांचं सगळं घर गेलं. रस्त्याच्या कडेला पडलेली, कोणी नसलेली माणसं त्यांनी गोळा केली, एका देशमुखाकडून पडीक माळ मागून घेतला आणि सगळ्यांना एका चुलीवर जेवू घातलं. कोणाची जात विचारली नाही. भुकेली माणसं भाकरीवरून एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून त्यांनी नेम घालून दिले. चूल एकच. जेवण दिवस मावळायच्या आत. कापड कोरं पांढरं, रंगवलेलं नाही. कोणी कुंकू लावायचं नाही, बांगड्या भरायच्या नाहीत, म्हणजे सवाशीण कोण आणि रांडमुंड कोण हे दिसणारच नाही. बाहेरच्याच्या हातचं खायचं नाही. सण नाही, गाणं नाही. आणि जो नेम मोडून गेला त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, त्याच्यासाठी रडायचं नाही.

माझा बाप त्या पहिल्या माणसांतला. मायही तशीच, मोगलाईतून आलेली. दोघांना मोठेबाबांनी जवळ केलं, त्यांचं लग्न लावून दिलं. त्या दोघांना नेम म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट होती. मला आणि अक्काला तो नुसता नेम होता. आम्ही तिथंच जन्मलो होतो.

आलेल्याला वेशीत घ्यायची रीत होती. वेस म्हणजे दोन कडुनिंब. तिथं मोठेबाबा विचारायचे, "कुठून आला? मागं कोण आहे?" आलेल्यानं म्हणायचं, "मागं कोणी नाही." मग वस्तीतल्या पोरींनी त्याचे पाय धुवायचे, मोठेबाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, "आता आम्ही आहो." त्याला विहिरीजवळची चांगली खोली मिळायची, दुभत्या म्हशीचं दूध मिळायचं. अंगावर रंगीत लुगडं असलं, हातात बांगड्या असल्या तरी पहिलं वर्ष कोणी बोलायचं नाही. मन होईल तसं सोड, म्हणायचे.

आमच्यासाठी असं काही नव्हतं. वस्तीत मूल जन्मलं की त्याला कोऱ्या कापडात गुंडाळायचे आणि कामाला लागायचे. मोठेबाबांनी येणाऱ्यांचा विचार केला होता. तिथंच जन्मणाऱ्यांचा करायचा राहून गेला होता, असं मला वाटतं.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. मला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. तिला हसू दाबता येत नसे. जेवणाच्या पंगतीत कोणाला उचकी लागली तरी ती पदर तोंडात कोंबायची आणि तिचे खांदे हलायचे, मग माझेही. जात्यावर बसली की ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायची. कोणी आलं की नुसती घरघर.

वस्तीतली वांगी-मिरच्या दुसरबीडच्या बाजारात जायच्या. बाप गाडी हाके, अक्का बाजारात पाटीपाशी बसून विके. तिथं खायचं नाही, कोणाशी कामापुरतंच बोलायचं. एका बाजाराच्या दिवशी अक्का परत आली आणि तिनं न बोलता माझ्यासमोर हात धरले. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या.

"कोणी भरल्या वं?" मी विचारलं.

"कासारीण म्हणे, लग्नाच्या वयाची पोरगी अन् हात मोकळे? आण इकडं. बा तिकडं मापात गुंतला होता." तिनं हात हलवला. "आवाज ऐक."

आमच्या वस्तीत तो आवाज नव्हता. मी पुन्हा पुन्हा तिला हात हलवायला लावला.

बापानं वाटेतच पाहिलं होतं. बैल सोडून आला आणि म्हणाला, "फोडून टाक."

"फोडीन."

"आत्ता."

"आत्ता नाई."

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती कडुनिंबाखाली बसली. मोठेबाबा तेव्हा म्हातारे झाले होते, पण ताठ होते. त्यांनी रागावून विचारलं नाही. आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, "पोरी, बांगड्या फोडतं का?"

अक्का उभी होती. ती बोलली. "बाबा, बाहेरून बाई येते तवा तिच्या हातात बांगड्या असतात. तिले तुमी वर्षाची मुदत देता. मले पण द्या. वर्षानं मीच काढून ठेवतो."

माणसांत कुजबुज झाली. मला वाटलं, अक्कानं बरोबर पकडलं. आता बाबा हसतील.

मोठेबाबा म्हणाले, "ती सगळं सोडून येते, माय. घर सोडते, गणगोत सोडते, शेवटी बांगड्या सोडते. तिनं सोडलं म्हणून आमाले कळते का आमच्यापाशी काहीतरी हाये. तुह्यापाशी सोडायले काय हाये? तुह्यापाशी नेमच हाये. तोच तू सोडून राह्यली."

अक्कानं बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत होता. माय बायकांत बसली होती. ती उठायला लागली तर दोघींनी तिचे खांदे दाबून धरले.

"मंग मी जातो," अक्का म्हणाली. मला वाटतं, तिला कोणी तरी थांबवील असं वाटत होतं. ती हळू चालली. वेशीपाशी थांबून तिनं चप्पल नीट केली; ती नीटच होती. मग ती गाडवाटेला लागली. सगळे उठले आणि कामाला गेले. बाहेरून आलेला माणूस निघून गेला तर तो आल्या ठिकाणी परत जाई. अक्का कुठं परत जाणार, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव बंद झालं.

पंधरवडाही झाला नसेल, तोच एक बाई आली. दुपारची वेळ होती. तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, पायांना फोड. देऊळगाव राजाच्या एका खात्यापित्या घरातली विधवा होती. वेशीपाशी येऊन ती खालीच बसली. "मागं कोण आहे?" विचारल्यावर ती वळून वाटेकडे बघायला लागली. मोठेबाबांनी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "असून कोणी नाही." मोठेबाबांना तेवढं पुरलं.

पाय मी धुतले. आधी हे काम अक्काचं आणि माझं होतं. पाणी ओतताना तिच्या पायांना झोंबलं, तिनं पाय आखडला, आणि मग एकदम माझा हात धरला. "मला शिवू नको गं, मी पांढऱ्या पायाची," म्हणाली. आम्हा पोरींना ते कळलंच नाही. एक म्हातारी म्हणाली, "धुळीनं झाले असतील पांढरे. धुव, पोरी."

विहिरीजवळची खोली तेव्हा रिकामी नव्हती, म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं. अक्काच्या जागेवर. मायनं अक्काची गोधडी काढून दिली, कारण दुसरी नव्हती. त्या दिवशी खीर शिजली. गूळ घातलेली, दाट. मला ती गोड लागली. माय जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तुरीत खुरपताना माय बापाला म्हणाली, "आपल्या पोरीले ठेवता आलं नाई. अन् लोकायच्या पोरीचे पाय धुऊन घेता. काऊन?"

बापानं हातातलं तण बाजूला फेकलं. मग म्हणाला, "आपली पोरगी गेली तवा सगळ्यायच्या मनात आलं, आपलं खोटं हाये का? इतके वर्षं उगंच कोरडं खाल्लं का? माह्या बी मनात आलं. अन् मंग ही आली. एवढं मोठं घर सोडून, अनवाणी. आता कोणाच्या मनात नाई येणार."

"मणजे तुमच्या मनासाठी."

"माह्या एकट्याच्या नाई. सगळ्यायच्या."

माय म्हणाली, "मंग तुमाले पोरी जन्मालेच घालायच्या नव्हत्या." या गोष्टीवर ती दोघं माझ्यासमोर पुन्हा बोलली नाहीत.

त्या बाईला मी मावशी म्हणायला लागले. तिचा राग करायचा मी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. ती पहाटे उठायची आणि मुद्दाम सगळ्यांच्या समोरून जायची. अंगणातून, विहिरीवरून, गोठ्यातून. सासरी तिनं सकाळी कोणाच्या समोर यायचं नव्हतं. तिचा चेहरा दिसला की बाहेर निघालेला माणूस परत फिरायचा. ताट वेगळं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. न्हावी येऊन डोकं करून जायचा. आमच्याकडे तिचे केस वाढले. ती पंगतीत बसायची तेव्हा उजवीकडे-डावीकडे बघायची. सगळ्यांची कपाळं मोकळी, सगळ्यांचे हात मोकळे.

"इथं सगळ्याच माझ्यासारख्या," ती मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, सुखाचं. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "तुम्ही किती भाग्याच्या, तुम्हाला हे जन्मापासून मिळालं."

तिचं खरं होतं. त्या मोकळ्या हातांसाठी ती मैलोन्‌मैल चालून आली होती, आणि त्याच मोकळ्या हातांपायी अक्का गेली होती.

काही दिवसांनी तिचे दीर आले. बैलांच्या दमणीतून उतरले, बरोबर काठ्या घेतलेले चार गडी. आमच्या घरची बाई कोणाच्याही पंगतीला जेवते, सगळ्या देऊळगावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तिला काढा, नाही तर मेहकरला फिर्याद करू, असं ओरडायला लागले. मावशी चुलीमागं लपली होती.

मोठेबाबा वेशीत उभे राहिले. त्यांच्यापुढं बाप आणि बाकीचे, हात बांधून, ओळीनं. "ती आमची पोरगी हाये," बाप म्हणाला. गड्यानं काठी घातली ती त्याच्या खांद्यावर बसली. बाप खाली बसला, पुन्हा उठला, पुन्हा तेच म्हणाला. "आमची पोरगी हाये. देत नाई." दुसरा वार झाला. कोणी हात उचलला नाही, कोणी हललंही नाही. शेवटी दीरांनाच काही सुचेना. शिव्या देत गेले. फिर्याद केली की नाही माहीत नाही, पण परत आले नाहीत.

बापाच्या खांद्याला मायनं हळद लावली. तो कण्हत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, मी पाहिलं. वस्तीतली माणसं एकेक येऊन त्याला पाहून जात होती. सगळ्यांची पाठ ताठ झाली होती. माय हळद चोळता चोळता म्हणाली, "हिच्यासाठी काठी खाल्ली. माह्या पोरीसाठी एक शब्द खर्चला नाई."

बाप म्हणाला, "दुखून राह्यलं. हळू लाव."

अक्का देऊळगावला कापसाच्या जिनात सरकी वेचायला लागली, हे आम्हाला बाजारातून कळलं. एका माळणीनं मायला हळूच सांगितलं. मायनं ते मला शेतात सांगितलं, बाभळीखाली, कोणी ऐकत नाही ना हे बघून. "जिती हाये," एवढंच म्हणाली.

वर्षं गेली. माझंही लग्न वस्तीतच झालं. नवरा मोठेबाबांनी ठरवला, बाहेरून आलेला, माझ्याहून बराच मोठा. त्यानं मला कधी त्रास दिला नाही. तो दोन पावसाळ्यांनी तापानं गेला. मला मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याबद्दल देवाचे आभार मानले. मोठेबाबा वारले. कारभार बाप आणि बाकीचे तिघे बघू लागले, बायकांचं सगळं मावशीकडे गेलं.

मावशीसारखं नेम पाळणारं वस्तीत कोणी नव्हतं. बाहेरून आलेली सगळीच थोडीबहुत तशी होत. आम्ही जन्मलेल्या कंटाळून नेम पाळायचो, कोणी बघत नसेल तर बाजारातलं चिंचेचं बोटूक तोंडात टाकायचो. त्या पाळायच्या त्या भीतीनं, की हा नेम सुटला तर मागचं सगळं परत अंगावर येईल. एका पोरीनं बोराच्या रंगानं पदराची कडा रंगवली तर मावशीनं तिला दिवसभर उन्हात उभं केलं. संध्याकाळी तिला पोटाशी धरून म्हणाली, "तुला नाही गं कळत बाहेर काय असतं." ती पोरगी पुढच्या वर्षी निघून गेली. अशा जन्मलेल्या बऱ्याच गेल्या. जितके जात, तितकी वस्ती वाटेकडे डोळे लावून बसे. आता पोरी खिरीसाठी बघायच्या, आणि म्हातारे त्यांच्याहून जास्त आशेनं बघायचे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, वेशीत एक बाई उभी राहिली. अंगावर कोरं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हात मोकळे. फार वाळलेली. मावशी धावतच गेली. विचारायचा मान आता तिचा होता.

"कुठून आलीस बाई?"

"देऊळगावाहून."

मावशीच्या तोंडावर आनंद मावेना. तिच्या गावचं माणूस. "मागं कोण आहे?"

"मागं कोणी नाई."

आवाज ऐकला तेव्हा मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. जिनातल्या कापसानं तिची छाती भरली होती, एकेका शब्दाला ती खोकत होती. पण अक्का होती ती.

मावशीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे तिथं होते. म्हातारे, म्हाताऱ्या, माझा बाप. प्रत्येकानं ओळखलं. आणि कोणी बोललं नाही, कारण गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही हा नेम होता. मला कळलं की अक्कानं हे सगळं घोकून आणलं आहे. नाव घ्यायचं नाही, म्हणजे ही कोण हे कोणी सांगायचंही नाही. नेम आता तिच्या बाजूनं होता. बापाचे ओठ हलत होते. तो एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "पाणी आणा. पाय धुवा तिचे." त्याच्या आवाजात मी असं काही कधी ऐकलं नव्हतं.

मी घागर घेऊन तिच्यापुढं बसले. तिच्या पायांवर पाणी ओतलं. तिनं वर बघितलं नाही, पण तिचे खांदे हलायला लागले, पूर्वीसारखे. हसत होती की रडत होती मला कळलं नाही. माझेही हलायला लागले. आता फक्त डोक्यावर हात ठेवायचा राहिला होता.

तेवढ्यात माय चुलीवरून आली. हात पिठाचे, कोण आलं बघायला. तिनं पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अवो माह्या बाई वो! कशी वाळली वो!"

ती धावली आणि अक्काला धरून तिथंच बसली. पिठाचे हात अक्काच्या तोंडावरून, पाठीवरून फिरत होते. अक्का तिच्या कानात म्हणत होती, "माय, नको. माय, गप." पण माय ऐकत नव्हती.

मावशीनं डोक्यावर ठेवायला उचललेला हात मागं घेतला. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

"हिच्या मागं माणूस आहे," ती म्हणाली. "ही वेशीत खोटं बोलली."

"माह्या मागं नाई," अक्का म्हणाली. "समोर हाये. मले आत घ्या. जास्त दिवस नाई राहायचं मले. बांगड्या नाई, काही नाई. सगळे नेम पाळतो."

बाप मावशीकडे वळला. विनवणी करावी तसा. "नवं माणूस म्हून घेऊ."

"नवं कसं?" मावशीचा आवाज चढला. "मी वेशीत बोलले ते खोटं होतं का? मी माझं रक्ताचं सोडून आले ते उगाच? तुम्ही माझ्यासाठी काठी खाल्लीत, ती मी तुमची झाले म्हणून. आता गेलेली पोटची पोर म्हणून परत घेणार असाल, तर मी कोण? उद्या सगळ्यांची गेलेली परत येतील. आम्हाला कुठं पाठवाल मग?"

बाहेरून आलेल्यांत चुळबूळ झाली. ते तिच्या बाजूला सरकले. सगळ्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती. बापानं ती पाहिली. तो खाली बसला. मग अगदी हळू म्हणाला, "हिच्या मायनं म्हणाव, मी हिची कोणी नाई. मंग ही खरी ठरते."

माय लगेच उठली. "नाई! मी कोणी नाई तिची. मी नाई ओळखत हिले. घ्या, घ्या तिले आत!" असं म्हणताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तिनं अक्काचा हात सोडला नव्हता. तिला तो सोडताच येत नव्हता. मावशीनं तोंड फिरवलं. बाकीचेही जमिनीकडे बघायला लागले.

अक्कानंच तो हात सोडवला. एकेक बोट. "होऊन गेलं, माय," ती म्हणाली. गाठोडं उचललं. मी तिच्याबरोबर गाडवाटेच्या वळणापर्यंत गेले. मला कोणी अडवलं नाही.

"मी येऊ का तुह्यासंग?" मी विचारलं.

"काय करशील? जिनात मरशील." खोकला थांबेपर्यंत तिनं बाभळीला हात टेकला. "मायपाशी राह्य."

मी राहिले. पावसाळा संपता संपता त्याच माळणीनं बाजारात सांगितलं, की जिनाच्या मागच्या खोल्यांतल्या बायकांनी तिचं प्रेत उचललं. बापानं ते ऐकलं, वांग्यांची पाटी उतरवली, पैसे मोजून घेतले आणि गाडी जुंपली. मायला मी सांगितलं. ती त्यानंतर कोणाशी बोलली नाही. विचारलं तर मान हलवायची. वेशीत कोणी नवीन आलं की ती चुलीपासचं काम टाकून आत जाऊन पडायची, आणि खीर दुसरं कोणी तरी करायचं.

मी अनेकदा विचार केला आहे की इतके कठोर लोक परक्याला इतक्या मायेनं का घेत. लोकांना वाटे, नेमवाले मोठ्या मनाचे. मन मोठं होतंच; बापाच्या खांद्यावरची काठी खोटी नव्हती. पण जे आपलं आहे ते आपल्याला धरून ठेवत नाही, आपल्या पोटची पोरंही पळतात, हे ज्याला रोज दिसतं, त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागतं की तुमचं चांगलं आहे. परका माणूस ते सांगायला येत असे. त्याला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो येत असे, हे आम्ही पाहत नव्हतो.

पुढे येणारे कमी झाले. माय गेली, मग बाप. जन्मलेले शहराकडे, गिरण्यांकडे गेले. माळाचा मोठा भाग देशमुखाच्या नातवांनी परत घेतला. शेवटी मी आणि मावशी, दोघीच एका चुलीवर. ती अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं मीच करत असे. वैर धरायला ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

एकदा दुपारी तिनं मला विचारलं, "तू बाहेरची असतीस तर आली असतीस का गं इथं?"

"नाई," मी म्हणाले.

"मी पुन्हा आले असते." मग म्हणाली, "त्या दिवशी मी तिला आत घेतलं असतं तर मला परत सासरी धाडतील, असं वाटलं मला. कोण धाडणार होतं? दीर तर तेव्हा मेले होते. तरी वाटलं."

मी तिला कुशीवर वळवलं, पाठ पुसली. तिनं माझ्याकडे माफी मागितली नाही आणि मी दिली नाही. ती त्याच हिवाळ्यात गेली. जाळायला दुसरबीडहून माणसं बोलवावी लागली. नेमवाल्यांचं प्रेत कोण उचलणार म्हणून आधी कोणी तयार होईना.

उन्हाळ्यात मी वस्ती सोडली. मेहकरला एका घरी स्वयंपाकाला राहिले. त्या घरच्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही. माझं कोणी आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सकाळी चूल पेटवायची, दोन्ही वेळचं रांधायचं, सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जेवायचं. अजून तेच चालू आहे.